शाईचे दोन गुण

व्हिदाल सरांनी एका पत्राला उत्तर दिलं नव्हतं. तशी त्यांनी आयुष्यात बऱ्याच पत्रांना उत्तरं दिली नव्हती, पण हे एक त्यांना टोचत असे. ते शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात खूण म्हणून पडलं होतं, आणि शब्दकोश ते रोज उघडत.

पत्र ओदिल देल्प्यूशचं होतं. विभागीय आरोग्य कार्यालयाची प्रमुख झाल्यावर तिने ते लिहिलं होतं. ‘सर, सां-ओरादच्या शाळेत तुम्ही मला नीट मांडायला शिकवलंत. आज ज्या खुर्चीवर बसले आहे तिथे रोज तेच उपयोगी पडतं. कधी इकडे आलात तर कॉफी प्यायला या.’ खाली जांभळ्या शाईत सही. शाळेतही ती जांभळी शाईच वापरायची.

सरांनी उत्तर लिहायला घेतलं नव्हतं असं नाही. ‘अभिनंदन’ लिहिलं की आपण साहेबाला अर्ज करतोय असं वाटायचं. ‘शाब्बास’ लिहिलं की अजून तिची वही तपासतोय असं. मधला शब्द सापडेना, आणि कागद चुलीत जाई. असे बरेच कागद गेले. मग चार वर्षं गेली, आणि त्या चार वर्षांत ओदिलने सां-ओरादचं प्रसूतिगृह बंद केलं.

सां-ओराद गप्प बसलं नव्हतं. तिथे कुणी कधी गप्प बसत नाही. गावाबाहेरचं झाड तोडायचं ठरलं तरी निषेध समिती निघते. दर शनिवारी बाजार उठला की चौकातून मोर्चा निघे, दवाखान्यापर्यंत जाई, आणि शेवटी कुणीतरी लोखंडी जाळीवर सॉसेज भाजायला घेई. सुईणी संपावर होत्या, म्हणजे दंडाला ‘संपावर’ अशी पट्टी बांधून बाळंतपणं करत होत्या. कळा आलेल्या बाईला सोडून मोर्चात जाणार कशा? सर मोर्चाच्या शेपटाला असत, कोटाच्या खिशात पुस्तक घालून. घोषणा सुरू झाली की ते ओठ हलवत. आवाज काढत नसत. शेजारून चालणाऱ्याला ते कळत असे, पण कुणी बोलून दाखवत नसे, कारण फलकांवरची वाक्यं सरांचीच असत. शुक्रवारी संध्याकाळी माणसं पुठ्ठे घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात येत. ‘बर्फ हटायची वाट बाळ बघत नाही’ हे त्यांचंच. ते टीव्हीवरसुद्धा दिसलं होतं. ते कुणाचं म्हणून बातमीदाराने विचारलं, तेव्हा सर सॉसेजच्या धुराआड गेले.

अर्ज केले, सह्या गोळा केल्या, नगरपालिकेने ठराव करून पाठवले. दोन वर्षांत ‘मिळाले’ एवढंही उत्तर वरून आलं नाही. नोव्हेंबरात प्रसूतिगृहाच्या दाराला कुलूप लागलं. सर्वांत जवळचं प्रसूतिगृह आता खिंडीपलीकडे, जिल्ह्याच्या गावी. उन्हाळ्यात तासाभराचा रस्ता. हिवाळ्यात देवाची मर्जी आणि बर्फ हटवणाऱ्या गाडीची.

त्याच आठवड्यात नगराध्यक्ष ल्युसेत सरांकडे आली. ती पूर्वी बापाचं खाटकाचं दुकान चालवायची, आणि बोलताना अजूनही हातात सुरा असल्यासारखी हवा कापायची. तीही सरांच्याच हाताखालची.

“सर, दोन वर्षं सभ्य माणसांसारखं बोंबललो. आता असभ्यपणा करायचाय. पण शुद्ध भाषेत. म्हणून तुमच्याकडे आले.”

“म्हणजे काय करायचंय?”

“मनाई हुकूम काढायचा. सां-ओरादच्या हद्दीत बाळंत व्हायला मनाई! माझी सही, माझा शिक्का. भाषा तुमची. अशी लिहा की वाचणाऱ्याला आधी खरंच वाटलं पाहिजे.”

“हे बेकायदेशीर आहे, ल्युसेत.”

“मग प्रसूतिगृह बंद करणं फार कायदेशीर आहे! लिहा हो सर. मला जमलं असतं तर तुमच्याकडे आले असते का? मला तुम्ही आयुष्यभर शाईचे दोनच दिलेत.”

हे शाईचं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. वीसपैकी सोळाच्या वर सरांनी कधी कुणाला दिले नाहीत, आणि शून्यही कधी दिलं नाही. कितीही भिकार निबंध असला तरी ‘निदान शाई खर्च केली’ म्हणून दोन. सोळा त्यांनी एकदाच दिले होते. ओदिलला.

सर लिहायला बसले, आणि त्यांना मजा येऊ लागली. स्वतःच्या नावाने लिहायचं नसलं की त्यांचा हात फार सरळ चाले. 

‘कलम एक: सां-ओरादच्या हद्दीत गरोदर राहण्यास हरकत नाही; बाळंत होण्यास मात्र सक्त मनाई आहे. कलम दोन: कळा सुरू करण्यापूर्वी संबंधित स्त्रीने हवामानाचा अंदाज पाहावा. कलम तीन: या आदेशाची दखल न घेता जी बाळे जन्मास येतील, त्यांनी रडण्यापूर्वी बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या चालकाची क्षमा मागावी.’

ल्युसेत हसून हसून खुर्चीवरून घसरली. दुसऱ्या दिवशी आदेश नगरपालिकेच्या फलकावर चार टाचण्यांनी लागला, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या देशाने वाचला.

उत्तर त्याच आठवड्यात आलं. रजिस्टर पोस्टाने, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं. ल्युसेतने ते चौकातल्या कॅफेत सगळ्यांसमोर वाचलं. नगराध्यक्षांनी आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली आहे. बाळंतपणावर बंदी घालण्याचा अधिकार नगरपालिकेला नाही. आदेश त्वरित मागे घ्यावा, अन्यथा न्यायालयात दाद मागण्यात येईल.

“बघा!” ल्युसेतने कागद काउंटरवर आपटला. “दोन वर्षं विचारतोय, आमच्या बायकांनी बाळंत व्हायचं कुठे? यांची वाचा बसली होती. थट्टा केली तर चार दिवसांत कंठ फुटला! सर, तुम्ही सांगा, यांचं म्हणणं काय? बाई इथे बाळंत होऊ शकते?”

“कायद्याने, हो,” सर म्हणाले.

“कुठे?”

सरांनी चष्मा लावून पत्र पुन्हा वाचलं. “ते लिहिलेलं नाही.”

कॅफेत हशा पिकला, पण तो चांगला हशा नव्हता. ल्युसेतने आदेश मागे घ्यायला नकार दिला. तिच्यावर न्यायालयाची नोटीस निघाली. सर घरी गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. वाक्यं त्यांची आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहणार ल्युसेत. आपण जाऊन सांगावं की लिहिणारा मी, असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, उगाच मोठेपणा मिरवल्यासारखं दिसेल. असं काहीतरी त्यांना नेहमीच वाटत असे.

सरांच्या शेजारी नोएली राहायची. चीजच्या तळघरात कामाला होती. सरांकडून खुनाच्या रहस्यकथा नेई, आणि परत करताना पानांत पावाचा चुरा असे. फेब्रुवारीत तिचे दिवस भरत आले होते. एका सकाळी दिवस उजाडता उजाडता सरांना तिच्या नवऱ्याची, बास्त्यांची, गाडी सुरू होताना ऐकू आली. गाडीच्या खिडकीतून नोएलीने हात हलवला. बर्फ पडत होतं.

पुढचं गावाला दुपारी कळलं. खिंडीत एक ट्रक आडवा झाला होता. बर्फ हटवणारी गाडी त्याच्यामागे अडकलेली. वाट मोकळी होऊन बास्त्यांने खिंड ओलांडली तेव्हा बाळाचं डोकं बाहेर आलं होतं. उतारावरच्या पेट्रोल पंपावर, गाडीच्या मागच्या सीटवर, पंपवालीच्या हातांत मुलगी झाली. मुलगी ठणठणीत रडली. मग नोएलीचं रक्त थांबेना. पंपवालीने दुकानातले सगळे टॉवेल लावले. रुग्णवाहिका यायला इतका वेळ लागला, की बास्त्यां रस्त्याच्या मधोमध उभा राहून येईल त्या गाडीला ओरडत होता, आणि लोक काचा वर करून निघून जात होते.

नोएली वाचली. तिला पुन्हा मूल होणार नाही. मुलीचं नाव आपोलीन ठेवलं, आणि जन्माची नोंद पंपाच्या खेड्यात झाली, जिथे वर्षानुवर्षं फक्त मयतांची नोंद होत आली होती.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात निवेदन आलं. कॅफेवाल्याने पान उघडून सरांपुढे सरकवलं. “तुमच्या लाडकीने लिहिलंय, सर.”

‘एका बाजूने पाहता, हा प्रसंग संबंधित कुटुंबासाठी ताणाचा होता याची कार्यालयास जाणीव आहे. दुसऱ्या बाजूने पाहता, स्थानिक नागरिक, रुग्णवाहिका व जिल्हा रुग्णालय यांच्यातील समन्वयामुळे आई व बाळ दोघेही सुखरूप आहेत. तेव्हा एकंदरीत, नवी व्यवस्था कसोटीस उतरली असे म्हणता येईल.’ खाली ओदिल देल्प्यूश.

सरांनी ते एकदा वाचलं आणि त्यांची कानशिलं तापली. हा निबंध त्यांच्या ओळखीचा होता. आधी एक बाजू, मग दुसरी बाजू, शेवटी दोहोंचा मेळ. फळ्यावर तीन रकाने आखून तीस-पस्तीस वर्षं त्यांनी हेच पोरांच्या डोक्यात घातलं होतं. पहिल्या परिच्छेदाला दोन ओळी, दुसऱ्याला दोन ओळी. पारडी कशी अगदी सारखी. एका पारड्यात गाडीच्या सीटवर सांडलेलं रक्त, दुसऱ्यात ‘समन्वय’. आणि तराजू हलतसुद्धा नाही!

“समन्वय म्हणजे पंपवालीचे टॉवेल ना हो सर?” कॅफेवाल्याने विचारलं.

सरांनी पान घडी घालून परत सरकवलं. पण पुढच्या शनिवारी ल्युसेतने तीन बस भरून माणसं थेट विभागीय कार्यालयावर नेली, तेव्हा ते पहिल्या बसमध्ये बसले होते. ल्युसेतने खांद्यावरून नगराध्यक्षाचा तिरंगी पट्टा घातला होता. सुईणी पुढे, मागे बाकीचा गाव, ढोल, पातेली. कार्यालयापाशी पोहोचल्यावर रिवाजाप्रमाणे गलका झाला, आणि रिवाजाप्रमाणे एक शिपाई येऊन म्हणाला, की शिष्टमंडळाला भेट मिळेल, तिघेच या.

“मी, सुईणींची प्रतिनिधी, आणि सर,” ल्युसेत म्हणाली.

“मला कशाला?” सर मागे सरले.

“ती आमचं ऐकत नाही. तुमच्यापुढे कधीकाळी उभी राहून धडा म्हणायची. चला, पाय उचला.”

ओदिल दारापर्यंत सामोरी आली. केस पिकले होते, पण तीच सरळ मान. “सर! या, या. माझ्या पत्राला तुम्ही उत्तरच दिलं नाहीत.”

सर लाल झाले. तिने स्वतःच्या हाताने कॉफी ओतली. मग ल्युसेत बोलली, सुईणींची प्रतिनिधी बोलली, ओदिलने मान हलवत सगळं ऐकलं आणि म्हणाली, “एका बाजूने पाहता तुमचं दुःख मला समजतं...”

सरांच्या तोंडात शब्द आला होता. नुसता एक शब्द, ‘थांब’. वर्गात तो शब्द ते सहज म्हणत. तेवढ्यात ती त्यांच्याकडे वळून हसली, अगदी मनापासून, आणि विचारलं, “कॉफी बरी झालीय ना, सर?”

“छान आहे,” सर म्हणाले.

एवढंच. ‘दुसऱ्या बाजूने’ येऊन गेलं, ‘एकंदरीत’ आलं, आणि शिपायाने दार उघडलं.

बाहेर लोक वाट बघत होते. “सर काय म्हणाले? सर काय म्हणाले?” ल्युसेतने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. “सरांनी कॉफीला सोळा दिले,” ती म्हणाली, आणि बसकडे चालू लागली. परतीच्या वाटेवर सरांनी खिशातलं पुस्तक काढलं, पण पान उलटलं नाही.

नोएली घरी आली तशी सर सूप घेऊन गेले. ती पलंगावर उशांना टेकून बसली होती, मुलगी तिच्या पोटरीपाशी झोपलेली. उशाशी वर्तमानपत्राचं ते पान होतं.

“या सर. बसा. तिथे नका, टाके दुखतात, पलंग हलला की. तुम्ही गेला होतात म्हणे तिच्याकडे?”

“गेलो होतो.”

“काय म्हणालात?”

सरांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी त्याचाही कधी सराव केला नव्हता. “कॉफी छान आहे म्हणालो.”

नोएलीला हसू फुटलं आणि तिने पोट धरलं. “हसवू नका हो!” मग हसू गेलं. तिने ते पान उचललं. “सर, वाचायला मला तुम्ही शिकवलंत. यातलं एक समजावून सांगा. ‘आई व बाळ दोघेही सुखरूप.’ एक सुखरूप ही. दुसरी कोण? माझी पिशवी काढून टाकली. मला जिना उतरता येत नाही. रात्री डोळा लागला की बास्त्यां ओरडत उठतो, ‘थांबा, थांबा’. या सुखरूप बाईचं नाव काय? मी सगळं पान शोधलं. माझं नाव नाही.”

सरांनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. खरंच नव्हतं.

“तुम्ही फलकांवर छान लिहिता,” नोएली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. “ल्युसेत तुमच्या वाक्यांपायी कोर्टात चाललीय. खाली स्वतःची सही करून कधी काही लिहिलंत का, सर?”

“सूप गार होईल,” सर म्हणाले. मग दारापाशी जाऊन परत आले. “ते पान मला देशील?”

“न्या. मला पाठ झालंय.”

घरी येऊन त्यांनी कोटही काढला नाही. लाल पेन्सिलीला टोक करून घेतलं.  ‘संबंधित कुटुंब’ याखाली रेघ: ‘नाव लिही.’ ‘ताणाचा’ याखाली रेघ: ‘शब्द चुकला. शब्दकोश पाहा.’ ‘समन्वय’ याभोवती वर्तुळ: ‘कोणाचा? कोणी पाहिला?’ ‘दोघेही सुखरूप’ याखाली दोन रेघा, इतक्या दाबून की कागद फाटला: ‘असत्य.’ ‘एकंदरीत’ त्यांनी नुसतं खोडलं.

मग एक कोरा कागद घेतला. मधला शब्द शोधण्यात त्यांनी चार वर्षं घालवली होती. आता त्याची गरज पडली नाही.

‘ओदिल, तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. तुझं निवेदन तपासून परत पाठवत आहे. मांडणी निर्दोष आहे आणि त्याचीच मला चीड आली आहे. दोन पारडी सारखी करायची, ती दोन्हींत काही असेल तेव्हा. इथे एकातच आहे. विषय होता नोएली, चीजच्या तळघरात काम करणारी, वय एकतीस. तो तू सोडलास. ज्या रस्त्याचं नाव तू व्यवस्था ठेवलंस त्या रस्त्यावरून फेब्रुवारीत एकदा स्वतः ये, आणि मग पुन्हा लिही. तोपर्यंत वीसपैकी शून्य. तो मनाई आदेशही मीच लिहिला आहे. न्यायालयात बोलवायचं तर मलाही बोलवावं, असं जिल्हाधिकाऱ्यांना मी वेगळं कळवत आहे. आन्सेल्म व्हिदाल, निवृत्त शिक्षक, सां-ओराद.’

वाचून पाहिलं तर पुन्हा फाडलं जाईल हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वाचलं नाही. तसेच नगरपालिकेत गेले.

ल्युसेत फोनवर कुणाला तरी झापत होती. सरांनी पाकिटातून दोन्ही कागद काढून तिच्यापुढे ठेवले. “या पत्राची एक प्रत काढून दे. फलकावर लावायची आहे, माझ्या आदेशाशेजारी.”

तिने फोन तसाच टेबलावर ठेवला. त्यातून बारीक आवाज येत राहिला. ती वाचत गेली, शेवटच्या ओळीशी थांबली, परत वर गेली.

“शून्य?” ती म्हणाली. “सर, शाईचे दोनसुद्धा नाहीत?”

“छापील आहे. शाई तिची नाही.”

ल्युसेतने तोंडावर हात घेतला. हसतेय की आणखी काही, ते सरांना कळेना, म्हणून ते प्रती काढायच्या यंत्राकडे बघत उभे राहिले. प्रत निघाली. तिने टाचण्यांची डबी पुढे केली. सर स्वतःच बाहेर गेले आणि त्यांनी कागद लावला. त्यांची सही रस्त्यावरून दिसत होती. बाजारातून परतणारी दोन माणसं थांबली आणि त्यातला एक मोठ्याने वाचू लागला.

“सर, मूळ पत्र द्या इकडे,” ल्युसेत दारातून म्हणाली. “नगरपालिकेच्या टपालात घालते. शिक्क्यानिशी जाईल.”

“नको. तिकीट मी लावलंय.”

पिवळी टपालपेटी चौकाच्या कोपऱ्यावर होती. तिच्या तोंडाशी आल्यावर सरांचा हात सवयीने थांबला. मागून फलक वाचणाऱ्याचा आवाज आला, “त्याचीच मला चीड आली आहे”, आणि कुणीतरी म्हणालं, “पुन्हा वाच रे, जोरात वाच.”

पाकीट आत पडलं. तळाला फारशी पत्रं नसावीत; ते पडल्याचा आवाज बराच मोठा झाला.